युद्धांचा इतिहास वाचताना या चुका टाळा, नाहीतर लढाई समजतच नाही

लढायांबद्दल वाचायची आवड खूप जणांना असते आणि बहुतेकांना (मलाही बरीच वर्षं होती) एकच सवय असते, ती म्हणजे लढाईकडे वरून बघायची. नकाशा समोर, लाल बाण इकडून, निळा बाण तिकडून, निकाल आधीच माहीत, आणि मग आपण ठरवणार कोण हुशार आणि कोण मूर्ख. पण ज्या माणसाने त्या सकाळी हुकूम दिला त्याच्याकडे तो नकाशाही नव्हता आणि निकालही नव्हता, त्याच्याकडे होता धूर, धूळ, उपाशी घोडे आणि अर्धवट बातम्या. खाली ज्या चुका सांगतोय त्या जवळजवळ सगळ्या या एकाच सवयीतून येतात असं माझं ठाम मत आहे.

निकाल माहीत असतो म्हणून सेनापतीला मूर्ख ठरवणं

क्रिमियन युद्धातली बालाक्लाव्हाची लढाई घ्या, २५ ऑक्टोबर १८५४. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर होता, तिथून त्याला सगळं मैदान दिसत होतं. रशियनांनी टेकड्यांच्या रांगेवर जिंकलेल्या तोफा ते आता ओढून नेणार असं त्याला वाटलं, म्हणून त्याने खाली घोडदळाला चिठ्ठी पाठवली की झटपट पुढे जा आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नका. चिठ्ठी घेऊन कॅप्टन नोलान आला. खाली घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लूकन उभा, आणि तो दरीत असल्यामुळे मधल्या चढाआड त्याला त्या तोफा दिसतच नव्हत्या. त्याने विचारलं कुठल्या तोफा, तर नोलानने नुसता हात लांब करून दाखवलं की त्या काय तिकडे. आणि हाताच्या दिशेला ज्या तोफा होत्या त्या दरीच्या पार टोकाला मांडलेल्या रशियन तोफखान्याच्या! लाइट ब्रिगेडचे (हलक्या घोडदळाच्या तुकडीचे) साधारण ६७० स्वार त्या दरीत शिरले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी मारा, शंभरावर माणसं मेली, शिवाय जखमी आणि कैद झालेले वेगळे. नोलान सुरुवातीलाच गोळा लागून पडला, त्यामुळे त्याला नक्की काय म्हणायचं होतं हे नंतर कुणाला विचारताही आलं नाही.

आता हे वाचून "ब्रिटिश अधिकारी मूर्ख होते" एवढंच म्हटलं तर आपण काहीच शिकलो नाही. रॅग्लनचा हुकूम त्याच्या जागेवरून अगदी स्पष्ट होता आणि लूकनच्या जागेवरून त्याला काही अर्थच नव्हता, दोघांमधलं अंतर होतं ते फक्त उंचीचं. म्हणून कुठलाही निर्णय वाचताना आधी तीन गोष्टी शोधायच्या, तो माणूस कुठे उभा होता, तिथून काय दिसत होतं, आणि हातातली बातमी किती तासांची (किंवा दिवसांची) शिळी होती. हे सापडलं की निम्मे "मूर्ख" लोक एकदम समजायला लागतात. सगळे समजतात असं नाही, काही निर्णय त्या वेळीही वाईटच होते, पण ते सिद्ध करायचं असेल तर त्या वेळच्या माहितीवरून करायला हवं.

आकडे जसेच्या तसे गिळणं

ही सगळ्यात पसरलेली चूक. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस ग्रीसवर चालून गेला, तेव्हा त्याचं पायदळ १७ लाख होतं असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, आणि आरमार, नोकरचाकर सगळे धरून आकडा नेतो ५२,८३,२२० वर. शेवटच्या वीस माणसांपर्यंत मोजलेला आकडा बघून वाटतं की हा खरा असणार, एवढा बारीक आकडा कोण उगाच लिहील? पण एक साधा हिशोब करून बघा, मी कागद-पेन घेऊन बसून केला होता आणि त्या दिवसापासून माझं वाचन बदललं. १७ लाख माणसं चार-चारच्या रांगेत चालतायत असं धरा. म्हणजे सव्वाचार लाख रांगा झाल्या. दोन रांगांमध्ये दोन मीटर अंतर. लांबी किती झाली? ८५० किलोमीटर. दिवसाला २५ किलोमीटर चालले तरी एका झाडासमोरून अख्खं पायदळ पुढे जायला ३४ दिवस लागतील, आणि यात अजून ना गाडी धरली ना घोडा ना उंट. रांगा रुंद करा, दोन-तीन रस्ते वापरा, तरी एवढ्यांना पाणी कुठून आणणार? आजचे अभ्यासक त्यामुळे हा आकडा खूपच खाली आणतात, एक-दोन लाखांच्या आसपास, आणि तेसुद्धा त्या काळासाठी प्रचंडच आहे.

मग हिरोडोटस खोटारडा होता का? मला तसं वाटत नाही. जुन्या माणसांसाठी मोठा आकडा ही मोजणी नव्हती, ती भावना होती. पानिपतावर "लाख बांगडी फुटली" असं आपल्याकडे म्हणतात, ते म्हणणाऱ्याने बांगड्या मोजल्या नव्हत्या, त्याने दुःख सांगितलं होतं, आणि ते दुःख खरंच होतं. आकडा भावना म्हणून वाचायचा की हजेरीपट म्हणून, हे आधी ठरवायचं.

शत्रूचा आकडा तर नेहमीच फुगलेला असतो. १५२६ च्या पानिपतात बाबर स्वतःच्या आठवणींत आपली माणसं बारा हजार सांगतो आणि इब्राहिम लोदीची एक लाख, वर हजार हत्ती. स्वतःची माणसं तो मोजू शकत होता, समोरच्याची अंदाजानेच सांगणार ना. त्यामुळे आकडा दिसला की तो कुणी दिला, कुठल्या बाजूने दिला आणि त्याला मोजणं शक्य होतं का हे बघा. आणि त्यात लढणारे किती, बुणगे किती, हे वेगळं केलंय का तेही बघा, कारण जुन्या फौजांसोबत न लढणारी माणसं कित्येकदा लढणाऱ्यांपेक्षा जास्त असायची.

फक्त लढाईचा दिवस वाचणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

एका घोड्याला रोज धान्य आणि चारा मिळून साधारण ९-१० किलो लागतं, काम जास्त असेल तर अजून जास्त, पाणी पंचवीस-तीस लिटर. दहा हजार घोडे म्हणजे रोजचे जवळपास १०० टन. ते आणायचं कशावर, तर बैलावर, आणि एक बैल पाठीवर शंभरेक किलो नेतो. म्हणजे रोज हजार बैल तळावर रिकामे व्हायला हवेत, आणि त्या बैलांना पण चरायला लागतंच. मुघल काळात फौजांना धान्य पुरवायचं काम बंजाऱ्यांचे तांडे करायचे, हजारो बैल घेऊन, आणि तांडा अडला की मोठ्यातल्या मोठ्या बादशहाची फौज अडायची. हे एकदा डोक्यात बसलं की मोहिमेचा नकाशा वेगळाच दिसायला लागतो, नद्या, कुरणं, पिकाचे महिने, सगळं आधी दिसतं आणि सेनापती नंतर.

आता १७६१ चं पानिपत. आपण १४ जानेवारीवर येऊन थांबतो, विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ अंबारीतून उतरून घोड्यावर बसले, हत्ती रिकामा दिसल्यावर फौजेचा धीर सुटला, आणि मग "भाऊ उतरले नसते तर" यावर रात्ररात्र वाद. पण मागे जा, ऑक्टोबर १७६० मध्ये. मराठ्यांनी कुंजपुरा घेतलं, तिथे अब्दालीसाठी साठवलेली रसद हाती लागली, मोठा विजय. आणि त्याच सुमाराला अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. झालं, मराठे आणि दिल्ली यांच्यामध्ये अब्दाली. मराठ्यांनी पानिपतला खंदक खणून तळ दिला, आणि तिथून अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर. अब्दालीला दुआबातून (गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखातून) आणि रोहिल्यांच्या मुलखातून धान्य येत राहिलं. मराठ्यांकडून गोविंदपंत बुंदेले त्याची रसद तोडायला फिरत होते, ते डिसेंबरमध्ये मारले गेले. तळात लढणाऱ्यांबरोबर बायका, मुलं, व्यापारी, यात्रेकरू, कारण फौजेच्या सोबतीने उत्तरेतली तीर्थं करणं हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग होता. तोंडं तेवढीच, धान्य रोज कमी. जानेवारी उजाडेपर्यंत घोड्यांच्या बरगड्या मोजता येतील अशी अवस्था, माणसं उपाशी, आणि सरदारांनीच सांगितलं की भुकेने मरण्यापेक्षा लढून मरू. १४ तारखेला जी फौज बाहेर पडली ती आठवडे अर्धपोटी राहिलेली फौज होती, आणि तरी दुपारपर्यंत तिने अब्दालीची फळी हलवली होती! हे कळल्यावर मला त्या लोकांबद्दल जेवढा आदर वाटला तेवढा कुठल्याच पोवाड्याने वाटला नव्हता. हत्ती-अंबारीचा प्रसंग खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण लढाई समजायची तर बागपतच्या उताराकडे आधी बघायला हवं.

दुसरं उदाहरण नेपोलियनचं, "रशियन थंडीने नेपोलियनला हरवलं" हे वाक्य तर सगळ्यांच्या तोंडपाठ असतं. फ्रेंच इंजिनिअर मिनार याने १८६९ मध्ये या मोहिमेचा एक प्रसिद्ध तक्ता काढला, त्यात रशियाच्या सीमेवरची नेमन नदी उतरताना ४,२२,००० माणसं आहेत आणि मॉस्कोला पोचताना १,००,०००. नदी उतरले जून १८१२ च्या अखेरीला, मॉस्कोत शिरले १४ सप्टेंबरला. म्हणजे ही एवढी गळती झाली ती उन्हाळ्यात. काही तुकड्या वाटेत मागे ठेवल्या, मॉस्कोच्या अलीकडे बोरोदिनोच्या लढाईत हजारो पडले हे सगळं खरं, पण उष्मा, जुलाब, टायफस, पळून गेलेले शिपाई आणि ओला कच्चा चारा खाऊन पहिल्याच आठवड्यात मेलेले हजारो घोडे, हे मोठं कारण. घोडे गेले की गाड्या अडल्या, गाड्या अडल्या की पीठ मागे राहिलं. परतीला थंडीने जे उरलं होतं ते संपवलं, त्या तक्त्यात शेवटी परत आलेले आहेत १०,०००. थंडी होतीच, भयंकर होती, बर्फावर पाय रोवतील असे नाल पण बहुतेक घोड्यांना नव्हते, पण थंडी शेवटी आली.

रोगराईचं पण असंच. क्रिमियन युद्धात ब्रिटिश फौजेची जितकी माणसं गोळ्या-तलवारींनी मेली त्याच्या कितीतरी पट कॉलरा, हगवण, ताप यांनी मेली. अमेरिकन यादवी युद्धात साधारण दोन तृतीयांश मृत्यू रोगांमुळे झाले. पुस्तकात लढाईला चाळीस पानं आणि हगवणीला एक ओळ असेल तर ते प्रमाण आपणच मनातल्या मनात दुरुस्त करायचं.

एकाच शस्त्राला सगळं श्रेय देणं

फ्रान्समधली आझँकूरची लढाई, २५ ऑक्टोबर १४१५, इंग्रजांच्या लांब धनुष्यांनी फ्रेंच सरदारांना झोडपलं, एवढंच सांगितलं जातं. धनुष्यं महत्त्वाची होतीच. पण शेत नुकतंच नांगरलेलं, रात्रभर पाऊस, दोन्ही बाजूंना झाडी असल्यामुळे मैदान पुढे निमुळतं होत गेलेलं, त्यात चिलखत घातलेले हजारो लोक चिखल तुडवत एकमेकांना ढकलत पुढे येतायत, मागच्यांना पुढचं दिसत नाही आणि पुढच्यांना हात उचलायला जागा नाही. कोरड्या रुंद मैदानात तीच धनुष्यं आणि तीच माणसं ठेवली असती तर काय झालं असतं हे कोण सांगणार. बाबराच्या तोफांचंही तसंच, तोफांइतक्याच महत्त्वाच्या होत्या कातड्याच्या दोरांनी एकमेकांना बांधलेल्या गाड्यांच्या रांगा, एका बाजूला पानिपत गावाचा आडोसा आणि दोन्ही बगलांवरून वळसा घालून मागे जाणारे तिरंदाज स्वार. शस्त्र वाचलं की लगेच जमीन, हवामान आणि ते शस्त्र चालवणाऱ्याचं ट्रेनिंग शोधा. इंग्रज धनुर्धारी लहानपणापासून सराव करायचा, धनुष्य विकत घेऊन तो तयार होत नव्हता.

सेनापती एकटाच लढला असं समजणं

अलेक्झांडर म्हटलं की आपण त्याच्यावरच थांबतो, पण त्याच्या हातात जी फौज होती ती बापाने, दुसऱ्या फिलिपने, वीसेक वर्षं खपून घडवलेली होती. पाच-सहा मीटर लांबीचा सारिसा भाला, वर्षभर कवायत करणारं पायदळ, आणि फिलिपबद्दल असंही सांगतात की तो गाड्यांचा लवाजमा कमी करून शिपायांना तीस दिवसांचं पीठ स्वतःच्या पाठीवर न्यायला लावायचा. इ.स.पू. ३३६ मध्ये फिलिपचा खून झाला आणि हे सगळं तयार यंत्र विशीतल्या मुलाच्या हाती आलं. त्याने ते अफाट वापरलं यात शंकाच नाही. पण तोच अलेक्झांडर इ.स.पू. ३२५ मध्ये गेद्रोसियाच्या वाळवंटातून परत येताना पाण्या-धान्यावाचून आपली असंख्य माणसं गमावून बसला, तेव्हा प्रतिभा तीच होती.

याच्या उलट चूकही करू नका, की सेनापतीने काही फरकच पडत नाही. २३ सप्टेंबर १८०३, असईची लढाई. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती वेलस्ली, त्याला वाटत होतं की दुसऱ्या दिवशी कंपनीच्याच स्टीव्हन्सनची फौज येऊन मिळेल आणि मग लढू, पण समोर अचानक शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची अख्खी फौज दिसली. मध्ये कैलना नदी, माहितीतला उतार मराठ्यांच्या तोफांसमोर. वाटाडे म्हणाले दुसरा उतार नाही. त्याने दुर्बिणीतून बघितलं तर पुढे नदीच्या दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर दिसली. त्याने एवढाच विचार केला की इतकी जवळ-जवळ गावं वसलीत म्हणजे लोक एकमेकांकडे जात-येत असणार, तर उतार असायलाच हवा. फौज तिकडे वळवली, आणि उतार होता. सेनापतीचं डोकं म्हणतात ते हे, गावं कशी वसतात हे ओळखणं! पण त्याच वेळी समोर काय झालं तेही वाचा, शिंद्यांच्या नोकरीतला युरोपियन अधिकारी पोलमन याच्या हाताखालच्या मराठा पलटणींनी सगळी फळी वळवून झपाट्याने नवीन तोंड केलं, हे त्यांना जमेल असं वेलस्लीला वाटलंच नव्हतं, आणि मराठ्यांच्या गोलंदाजांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. कंपनीच्या बाजूची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. हरलेल्यांचं कसब वगळून जिंकलेल्याची हुशारी कधीच कळत नाही.

लढाई जिंकली म्हणजे युद्ध जिंकलं असं धरणं

इटलीतली कान्नीची लढाई, इ.स.पू. २१६. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने आपल्यापेक्षा मोठ्या रोमन फौजेला चारी बाजूंनी घेरून कापून काढलं, आजही ती लढाई शिकवली जाते. आणि रोमने तहाची बोलणी करायलाच नकार दिला, नवीन लीजन (रोमन फौजेच्या मोठ्या तुकड्या) उभ्या केल्या, हॅनिबल पुढे इ.स.पू. २०३ पर्यंत इटलीत फिरत राहिला आणि २०२ मध्ये आफ्रिकेत झामाला हरला. रोमकडे माणसं पुरवणारी मित्रराज्यं होती आणि त्यातली बरीचशी फुटली नाहीत, हे कान्नीच्या नकाशात कुठेच दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला पालखेड, फेब्रुवारी १७२८. पहिल्या बाजीरावाने निजामाला इकडून तिकडे पळवत अशा जागी आणून कोंडलं की पाणी नाही, धान्य नाही आणि जड तोफखाना मागे राहिलेला. मोठी हातघाई झालीच नाही आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह. रक्ताचे आकडे शोधत गेलात तर पालखेडला काही सापडत नाही, म्हणून अशा मोहिमा वाचकांकडून सुटतात, आणि वेढे, लुटी, वाटा अडवणं हे तर बहुतेक युद्धांचं रोजचं काम असूनही आपण ते चाळून पुढे जातो.

वाचताना अडलात तर

तारीख दोन पुस्तकांत वेगळी दिसली तर लगेच कुणाला चूक ठरवू नका, आधी कॅलेंडर बघा. बोरोदिनोची लढाई रशियन जुन्या पद्धतीने २६ ऑगस्ट आणि नव्या पद्धतीने ७ सप्टेंबर, दिवस तोच. ब्रिटनने नवं कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं, त्यामुळे त्याच्या आधीच्या इंग्रजी कागदांत पण हा घोळ होतो, आणि आपल्याकडच्या कागदांत शक, हिजरी असे हिशोब असतात ते वेगळेच.

ठिकाण नकाशावर जुळत नसेल तर नाव कुणी दिलं ते बघा. नेपोलियनची शेवटची, वॉटर्लूची लढाई प्रत्यक्षात झाली माँ-सें-जाँच्या बाजूला, वॉटर्लू हे मागचं गाव, ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचं (असईचा वेलस्ली तो हाच) मुख्यालय तिथे होतं. अलेक्झांडरच्या गौगामेलाच्या लढाईला जुन्या पुस्तकांत आर्बेला म्हणतात, ते शहर तर रणांगणापासून बरंच लांब आहे.

आणि दोन्ही बाजू आम्हीच जिंकलो म्हणत असतील तर? कादेशची लढाई, इ.स.पू. १२७४ च्या सुमाराची, इजिप्तचा राजा दुसरा रामसेस विरुद्ध हित्तींचा (आजच्या तुर्कस्तानातलं जुनं राज्य) राजा मुवाताल्ली. रामसेसने इजिप्तभर देवळांच्या भिंतींवर कोरून ठेवलं की सगळे पळाले तेव्हा मी एकट्याने शत्रूला नदीत लोटलं. हित्तींच्या राजधानीत, हात्तुशात, मातीच्या पाट्या सापडल्या त्यात रामसेस हरल्याचं लिहिलंय. अशा वेळी मी वर्णनं बाजूला ठेवतो आणि लढाई झाल्यावर ती जागा कुणाच्या ताब्यात होती तेवढं शोधतो. कादेश हित्तींच्याच ताब्यात राहिलं.